बदल, फरक, फेरफार, पालट, परिवर्तन : कुठे कुठला शब्द वापरायचा

मागच्या उन्हाळ्यात काकांच्या सातबाऱ्यासाठी अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज मराठीतच काम करतो, भाषांतरं करतो, दुसऱ्यांचे मजकूर तपासतो, त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की अर्ज यालाच लिहू दे. मी लिहिलं, “तरी सातबारा उताऱ्यात योग्य तो बदल करून मिळावा ही विनंती.” काका अर्ज घेऊन महसूल कार्यालयात गेले आणि दुपारी तसाच परत घेऊन आले. तिथे त्यांना विचारलं होतं, बदल म्हणजे नक्की काय हवंय, फेरफार धरायचाय की दुरुस्ती करायचीय?

आता हा प्रश्न अगदी बरोबर होता. फेरफार म्हणजे जमिनीवरचा हक्कच एकाकडून दुसऱ्याकडे गेला, खरेदीने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने. त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत होते, तलाठी संबंधितांना नोटीस देतात, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. आमच्या बाबतीत असं काहीच झालं नव्हतं, जमीन काकांचीच होती, फक्त हाताने लिहिलेला उतारा कॉम्प्युटरवर चढवताना आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. हक्क तोच, लिहिण्यात चूक, म्हणजे दुरुस्ती. त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५ लागतं आणि तहसीलदारांचा आदेश लागतो. रस्ता वेगळा, टेबल वेगळं, कागदपत्रंही वेगळी. मी दुसऱ्या अर्जात “कलम १५५ अन्वये नावातील लेखनप्रमादाची दुरुस्ती” असं लिहून दिलं आणि तो लगेच घेतला गेला.

माझा पहिला शब्द व्याकरणाने चुकलेला नव्हता, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नव्हतं. तेव्हापासून मी माझ्याच जुन्या फायली काढून बघायला लागलो आणि लक्षात आलं की आपण सगळेच हल्ली “बदल” या एका शब्दावर दहा शब्दांचं काम टाकतोय. म्हणून मजकूर तपासताना मी जे करतो ते इथे पायरीपायरीने लिहितोय, बातमी, अहवाल, शाळेचा निबंध, सरकारी अर्ज, कशालाही लागू पडेल.

पायरी १ : एकच गोष्ट आहे की दोन?

वाक्यातला “बदल” बोटाने झाका आणि स्वतःला विचारा, मी एकाच गोष्टीचं आधी-नंतर सांगतोय की दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतोय? एकाच गोष्टीचं आधी-नंतर असेल तर बदल, दोन गोष्टी शेजारी असतील तर फरक. “या दोन योजनांमध्ये काय बदल आहे?” हे चूक, तिथे फरक हवा. “जुन्या आणि नव्या फॉर्ममध्ये फरक आहे” आणि “फॉर्ममध्ये बदल केलाय” ही दोन्ही वाक्यं बरोबर, पण पहिल्यात तुम्ही दोन कागद हातात धरलेत आणि दुसऱ्यात कुणीतरी एका कागदावर पेन चालवलंय.

पण फरकाचा अजून एक अर्थ आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला गेलं की पहिला प्रश्न “काही फरक?” आणि “फरक आहे” म्हणजे बरं वाटतंय. गोळीने फरक पडला, लेप लावल्यावर फरक पडला, यात पडलेला फरक हा चांगलाच असतो, वेगळं सांगावं लागत नाही. आजी दवाखान्यात होती तेव्हा बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी मोडक्या मराठीत, मनापासून सांगितलं, “पेशंटमध्ये बदल आहे.” आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना सांगायचं होतं की ताप उतरलाय. आजारी माणसात “बदल” म्हटला की आपल्या कानाला तो वाईटच वाटतो, आणि हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं.

बदल शब्दाची भावंडं

पुढच्या पायरीआधी हे थोडं बघून घ्या, कारण त्यामुळे शब्दाचा मूळ स्वभाव कळतो. बदल हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, त्याचा गाभा “एकाच्या जागी दुसरं”. बदली, बदला, मोबदला, अदलाबदल आणि रोजचं “बद्दल” हे सगळे त्याच घरातले. बदला म्हणजे केल्याच्या जागी केलेलं, मोबदला म्हणजे दिलेल्या जमिनीच्या किंवा कामाच्या जागी मिळालेले पैसे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगार असायचे, पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे आणि कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी साच्यावर, म्हणजे मागावर, जायचे. आज क्रिकेटमध्ये बदली खेळाडू म्हणतो तेही तेच.

म्हणून जिथे एक वस्तू काढून तिथे दुसरी आली तिथे बदलणे हेच क्रियापद शंभर टक्के बरोबर. बल्ब बदलला, कपडे बदलले, गाडी दादरला बदलली. इथे परिवर्तन, रूपांतर वगैरे जड शब्द आणायची काहीच गरज नाही.

पायरी २ : कुणी केलं की आपोआप झालं?

“वेळ बदलली” यात कुणी बदलली ते कळत नाही, बदलणे हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. हे कधी सोयीचं असतं, कधी घातक. “मिटिंगची वेळ बदलली” लिहून ज्याने बदलली तो बाजूला राहतो, हे ऑफिसच्या मेलमध्ये रोज घडतं. जबाबदारी सांगायची असेल तर “अमुक विभागाने वेळ बदलली” असं करणाऱ्यासकट लिहा.

फेरफारात करणारा हात असतोच. आपोआप फेरफार होत नाही. महसुलात हा शब्द स्वच्छ आहे, वर सांगितलंच, पण महसुलाच्या बाहेर पाऊल टाकलं की त्याला लबाडीचा वास येतो. हिशेबात फेरफार, मीटरमध्ये फेरफार, निकालपत्रात फेरफार. त्यामुळे “संस्थेच्या हिशेबात काही फेरफार केले आहेत” असं वार्षिक अहवालात अजिबात लिहू नका, खजिनदारावर संशय घेतल्यासारखं होतं, तिथे “हिशेबात दुरुस्त्या केल्या” लिहा. बातम्यांमध्ये हल्ली “मीटरशी छेडछाड” येतं ते हिंदीतून आलंय. मराठीत छेडछाड माणसाची होते, तिचा अर्थ फार वेगळा आणि गंभीर आहे, मीटरमध्ये फेरफारच होतो.

आणि जे कुणाच्या हाताने न होता आतून, काळाने होतं त्याला पालटणे. दिवस पालटले, नशीब पालटलं, हवा पालटली. “सरकारने दिवस पालटले” हे म्हणूनच कानाला खटकतं, दिवस आपले आपण पालटतात.

विदर्भातले मित्र “बदलवणे” म्हणतात, “ते शर्ट बदलवून घे”. पुण्यामुंबईकडचे लोक लगेच चूक काढतात पण ती तिकडची जिवंत बोली आहे आणि त्यात एक सोय आहे, करणारा कुणीतरी आहे हे क्रियापदातच कळतं. औपचारिक मजकुरात मी बदलणे ठेवतो, पण माणसाचं बोलणं उतरवत असेन तर बदलवणे बदलत नाही.

पायरी ३ : परत पहिल्या जागी येणार का?

ही पायरी लोक सर्रास विसरतात आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पालट या शब्दात कूस पालटण्याची भावना आहे, या कुशीवरून त्या कुशीवर, आणि परतही. हवापालट करायला लोक पाचगणीला जातात ते महिनाभराने परत यायलाच जातात. आता हवापालट आणि हवामान बदल यांची अदलाबदल करून बघा, म्हणजे अर्थ किती लांब जातो ते कळेल. हवामान बदल म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढणं, पावसाचं गणित बिघडणं, तो परत फिरून येणारा मामला नाही.

माझ्याकडे एकदा शेतकऱ्यांसाठीची घडीपत्रिका तपासायला आली होती, मूळ इंग्रजी, मराठीत कुणीतरी घाईत केलेली. त्यात ठळक अक्षरात होतं, “जमिनीचा कस टिकवण्यासाठी पिकांमध्ये बदल करा.” कापूस घेणारा शेतकरी हे वाचून काय समजेल? कापूस सोडा आणि दुसरं काहीतरी धरा. आणि तो म्हणेल, मला नाही परवडत, पत्रिका बाजूला ठेवेल. सांगायचं होतं ते एवढंच, की या वावरात यंदा कापूस घेतलात तर पुढच्या वर्षी तूर किंवा मूग घ्या, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र राहतं, मग परत कापूस घ्या. याला आपल्याकडे आयता शब्द आहे, पिकांची फेरपालट. बांधावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असलेला. मी तो एक शब्द घातला आणि खालची दोन स्पष्टीकरणाची वाक्यं काढून टाकता आली.

खांदेपालट तसाच. ओझं वाहताना एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणं म्हणजे खांदेपालट. ओझं तेच, माणसंही तीच. म्हणून मंत्र्यांची खाती आपापसात इकडची तिकडे झाली तर खांदेपालट, नवे चेहरे आले तर मंत्रिमंडळ विस्तार. “मंत्रिमंडळात फेरबदल” हा हिंदी वळणाचा शब्द दोन्हीसाठी वापरतात आणि वाचणाऱ्याला कळत नाही की नवीन कुणी आलंय का नाही. मात्र कायापालट याला अपवाद आहे, तिथे परत येणं नाही, बसस्टँडचा कायापालट झाला म्हणजे ओळखू येणार नाही इतका नवा झाला.

पायरी ४ : कुठून कुठे गेलं ते सांगता येतं का?

येत असेल तर शेवटी “अंतर” लागलेला शब्द शोधा. भाषांतर, वेषांतर, स्थलांतर, पक्षांतर, सत्तांतर, धर्मांतर, नामांतर, रूपांतर. इथे अंतर म्हणजे किलोमीटरमधलं अंतर नव्हे, संस्कृतात त्याचा एक अर्थ “दुसरा” असा आहे, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष. (मध्यंतरातलं अंतर निराळं, ते “आत, मध्ये” या अर्थाचं.) या शब्दांना दोन टोकं लागतात, सोडलेलं आणि धरलेलं. बर्फाचं पाण्यात रूपांतर होतं, ही दोन टोकं. “बर्फाचं रूपांतर झालं” म्हटलं तर ऐकणारा थांबून राहतो, कशात? भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणाऱ्या, जमिनीचं वर्ग १ मध्ये रूपांतर, भूगोलाच्या पुस्तकातले रूपांतरित खडक, म्हणजे चुनखडीचा संगमरवर, सगळीकडे हेच.

यातल्या एका शब्दापायी महाराष्ट्रात माणसं मेली आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, लोकांचे जीव गेले. मागणी होती नामांतराची, म्हणजे जुनं नाव जाऊन त्या जागी नवं. नागपूरहून लाँग मार्च निघाला, वर्षानुवर्षं आंदोलन चाललं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव “डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ” झालं, जुनं नाव ठेवून पुढे नवं जोडलं, आणि त्याला शब्द वापरला गेला नामविस्तार. चळवळीला नामांतर लढा म्हणतात आणि त्या दिवसाला नामविस्तार दिन, दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. आता हे कुणी “विद्यापीठाच्या नावात बदल” असं लिहिलं तर सोळा वर्षं कशावरून झगडा होता ते त्या वाक्यातून पुसलंच जातं.

शहरांच्या बाबतीत नामांतर चालतं, औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, तिथे जुनं गेलं नवं आलं. आणि तुमचं स्वतःचं नाव लग्नानंतर किंवा इतर कारणाने राजपत्रात छापून घ्यायचं असेल तर त्या अर्जात मात्र “नावात बदल” हाच शब्द असतो, तिथे नामांतर लिहू नका.

पायरी ५ : किती खोल, किती काळ?

परिवर्तन हा खोलातला शब्द आहे. समाजाचं, विचारांचं, माणसाच्या मनाचं. हृदयपरिवर्तन, परिवर्तनवादी चळवळ. “रस्त्याच्या दिशेत परिवर्तन” हे मराठी नव्हे, हिंदीत परिवर्तन साध्या बदलालाही चालतं म्हणून तसं लिहिलं जातं. उलटं म्हणजे “फुल्यांनी समाजात बदल केले” हे फार पातळ झालं.

इथे एक चूक दर ऑक्टोबरमध्ये बॅनरवर दिसते आणि मला मनापासून वाटतं की ती थांबायला हवी. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. परिवर्तन दिन नव्हे. प्रवर्तन म्हणजे चालू करणं, गती देणं. बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला त्याला धम्मचक्र प्रवर्तन म्हणतात, चाक फिरतं केलं. चाकात काही बदल केला असा त्याचा अर्थ नाहीच. लोकांच्या आयुष्यात त्या दिवसामुळे परिवर्तन झालं, हे वाक्य खरं आहे, पण दिवसाचं नाव प्रवर्तन. याच धातूचे अजून दोन शब्द सांभाळा, आरशात प्रकाशाचं परावर्तन होतं, आणि धरणातून कालव्याला पाणी सुटतं ते आवर्तन.

स्थित्यंतर म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा मोठा टप्पा, बघणारा थोडा लांब उभा राहून बघतोय असा, गिरणगावाचं स्थित्यंतर. संक्रमण म्हणजे अजून पोहोचलो नाही, मधल्या वाटेवर आहोत, संक्रमणकाळ. सूर्य धनु राशीतून मकर राशीत जातो ते मकरसंक्रमण. करोनाच्या दिवसांत हिंदी बातम्यांमधून “संक्रमण वाढलं” आपल्याकडे घुसलं, मराठीत रोगाचा संसर्ग होतो, संक्रमण नाही.

क्रांती झटक्यात, उत्क्रांती हळूहळू, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगतो की दुधाच्या क्रांतीला मराठीत धवलक्रांती म्हणतात, आणि माकड-माणूस वगैरे विषयात “विकास” लिहू नका, उत्क्रांती लिहा.

पायरी ६ : बरं झालं की वाईट?

बदल स्वतः काही बोलत नाही, चांगला की वाईट ते वाचणाऱ्यावर सोडतो. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून टाका. चुकलेलं बरोबर केलं तर दुरुस्ती, होतं त्यापेक्षा चांगलं केलं तर सुधारणा. नळाची दुरुस्ती होते, नळयोजनेत सुधारणा होते. कायद्याच्या भाषेत मात्र हे दोन्ही एकमेकांच्या अंगणात जातात, वर्तमानपत्रात आपण ७३वी घटनादुरुस्ती म्हणतो पण संविधानाच्या अधिकृत मराठी मजकुरात “सुधारणा” असतं, तेव्हा अर्ज-निवेदनात कायद्याचं नाव जसं छापलंय तसंच उतरवा.

वाईटाकडे गेलं तर बिघाड, विकार, विकृती. मशीनमध्ये बिघाड, शरीरात विकार. गंमत म्हणजे व्याकरणात विकाराला असा वाईटपणा नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी शब्द कारण त्यांची रूपं होतात, घोडा-घोड्याला, आणि बाकीचे चार अविकारी. तिथे विकार म्हणजे निव्वळ रूप पालटणं.

आता एक उतारा घेऊन करून बघू

गावाच्या स्मरणिकेसाठी आलेला मजकूर, थोडा आटवून देतोय :

“गेल्या वीस वर्षांत गावात मोठे बदल झाले. कालव्यामुळे पीकपद्धतीत बदल झाला व शेतकऱ्यांच्या परिस्थितीत बदल झाला. शाळेच्या इमारतीत बदल करण्यात आले. मागील निवडणुकीत ग्रामपंचायतीत बदल झाला. तरुण शहरात गेल्याने लोकसंख्येत बदल झाला. कालव्याच्या पाण्याच्या वेळेत बदल झाल्यास उसाचे नुकसान होते.”

पहिलं वाक्य सरळ काढलं, ते काहीच सांगत नाही. शेतकऱ्यांची परिस्थिती सुधारली की बिघडली? लिहिणाऱ्या गुरुजींना फोन केला, म्हणाले अहो सुधारली, पत्र्याच्या जागी स्लॅब आले. मग “शेतकऱ्यांचे दिवस पालटले” केलं. शाळेची इमारत? गळकं छप्पर नीट केलं आणि दोन खोल्या बांधल्या. म्हणजे दुरुस्ती आणि वाढ. ग्रामपंचायतीत सत्तांतर. आणि लोकसंख्येसाठी बदलाच्या घराण्यातला कुठलाच शब्द नको, लोकसंख्या घटली एवढंच हवं. हे खूप ठिकाणी लागू पडतं, दर, भाव, पाऊस, संख्या यांच्या पुढे “बदल” आला की आधी विचारा वाढलं का कमी झालं, आणि तेच क्रियापद लिहा. शेवटच्या वाक्यात आवर्तन. असं झालं :

“कालवा आला तशी ज्वारी-बाजरी मागे पडून ऊस आला, पीकपद्धतच बदलली आणि शेतकऱ्यांचे दिवस पालटले. शाळेच्या छपराची दुरुस्ती झाली, दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या. मागच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीत सत्तांतर झालं. तरुणांनी पुण्या-मुंबईकडे स्थलांतर केल्याने गावाची लोकसंख्या घटली. कालव्याचं आवर्तन लांबलं की उसाचं नुकसान होतं.”

सात बदलांतला एक मी मुद्दाम ठेवला, पीकपद्धत बदलली तो. ज्वारी गेली आणि तिच्या जागी ऊस आला, दरवर्षीची फेरपालट नव्हे, कुणाची चूक दुरुस्त केलेली नव्हे, आणि ते चांगलं झालं की वाईट यावर गुरुजींचं आणि गावातल्या जुन्या माणसांचं अजून एकमत नाही. तिथे बदल हाच शब्द बरोबर आहे.